हिमवीर फ्रिट्यॉफ नान्सेन

येलदरीच्या परिसरात बर्फ ठाऊक आहे तो उन्हाळ्यात सरबतात घालावयाचा, अथवा लाकडाच्या भुशात झाकून बाजारात विकावयास आणलेला. पूर्णा नदीच्या काठच्या काळ्या रानावर, किंवा धरणाच्या विस्तीर्ण जलाशयावर, हिम पडल्याचे कोणा वृद्ध माणसाच्याही स्मरणात नसेल. त्यामुळे बर्फावरून कोसच्या कोस धावण्याच्या शर्यती असतात आणि त्या पाहावयास हजारो लोक जमतात, हे वाचून आमच्या बालवाचकांस नवल वाटेल. आपल्या देशात काश्मीरमधील गुलमर्ग येथे असे खेळ होतात. परंतु ह्या विद्येचे माहेरघर म्हणजे युरोपच्या उत्तर टोकाचा नॉर्वे देश होय. तेथील एका शर्यतवीराचे चरित्र आम्ही येथे सांगणार आहो.

प्रथम साधनाची ओळख करून घेऊ. स्की म्हणजे लांब, अरुंद व चपटी पट्टी. तिचे पुढील टोक वर वळविलेले असते. प्रत्येक पायाखाली अशी एकेक पट्टी बांधतात. मऊ हिमात नुसत्या पायांनी चालणारा मनुष्य मांडीपर्यंत रुततो. पण त्याच्या देहाचा भार लांब पट्टीवर विभागला गेला म्हणजे तो पृष्ठभागावरच राहतो आणि पाऊल न उचलता पुढे सरकतो. दूरच्या पल्ल्याच्या स्कीत पायाचा पुढचा भाग तेवढा जखडलेला असून टाच मोकळी असते, म्हणून सपाटीवर व चढावरही लयीत जाता येते. नॉर्वेच्या डोंगराळ मुलखात शेतकरी, शिकारी व टपालवाले हिवाळाभर ह्याच साधनाने फिरत. खेळाचे स्वरूप त्यास मागाहून आले.

फ्रिट्यॉफ नान्सेन ह्यांचा जन्म १० ऑक्टोबर १८६१ रोजी, आज ऑस्लो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्रिस्तियानिया नगराजवळ झाला. वडील वकील होते, शिस्तीचे व काटेकोर. आई स्वतः स्की चालविणारी. त्या काळी कुलीन स्त्रीने असे करणे लोकांस रुचत नसे, पण तिने त्याची पर्वा केली नाही. मुलाचे बालपण रानात, ओढ्यात मासे धरण्यात व हिमावर गेले. हुसेबी येथील टेकडीवर स्कीवरून उडी मारण्याच्या स्पर्धा होत. ती उडी घेण्यास आईवडिलांची मनाई होती. तरी दहाव्या वर्षी हा मुलगा तेथे गेलाच. खाली येताना स्कीची टोके हिमात खोल रुतली व तो दूर फेकला गेला. हाडे मोडली नाहीत हे दैव. मनाई मोडण्याचे आम्ही समर्थन करीत नाही. मात्र त्या दिवशी टेकडीचे भय गेले ते कायमचे, हे खरे.

पुढे राष्ट्रीय स्पर्धांतून त्यांनी वारंवार बक्षिसे मिळविली. १८८२ साली ते बर्गन येथील पदार्थसंग्रहालयात नोकरीस लागले व सूक्ष्मदर्शकाखाली समुद्रातील क्षुद्र जीवांच्या मज्जातंतूंचा अभ्यास करू लागले. दिवसभर काचेच्या नळीत डोळा आणि मन मात्र डोंगरावर, अशी त्यांची स्थिती होती. १८८४ च्या हिवाळ्यात हुसेबीच्या शर्यतींची वार्ता आली. बर्गन देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर, हुसेबी पूर्वेस, आणि मध्ये हिवाळ्यात ओस पडणारी पर्वताची पठारे. दोन्ही नगरे जोडणारा लोहमार्ग १९०९ साली पुरा झाला. १८८४ साली आगगाडी थोड्याच अंतरापर्यंत जात असे. इतर लोक किनाऱ्याने जहाजातून वळसा घालून जात. नान्सेन ह्यांनी स्की बांधल्या, पर्वत ओलांडून क्रिस्तियानिया गाठले, शर्यतीत भाग घेतला, आणि परततानाही पर्वताचीच वाट धरली. ज्या स्पर्धेस जावयाचे तिच्याहून कितीतरी पटीने कठीण असा तिचा रस्ता! ह्या प्रवासाचे वर्णन वर्तमानपत्रांत आले आणि बावीस वर्षांच्या ह्या तरुणाचे नाव लोकांच्या ओठी झाले.

त्याच वर्षी स्वीडनच्या उत्तर भागात आणखी एक विलक्षण शर्यत झाली. तिचे कारण सांगण्याजोगे आहे. १८८३ साली नोर्डेनशेल्ड नावाच्या प्रवाशाने ग्रीनलंडच्या हिमपठारावर पश्चिमेकडून स्वारी केली होती. स्वतः पुढे जाववेना, तेव्हा त्याने बरोबरच्या दोन सामी लोकांस स्कीवर पुढे धाडले. सामी ही उत्तरेकडील, रेनडियर पाळणारी जमात. ते दोघे सत्तावन्न तासांनी परत आले व आपण दोनशेहून अधिक किलोमीटर आत जाऊन आलो असे सांगू लागले. विद्वानांनी त्यांस खोटे ठरविले. गरीब, अशिक्षित माणसाच्या शब्दाचे मोल असेच केले जाते! तेव्हा नोर्डेनशेल्डने एप्रिल १८८४ मध्ये योकमोक येथे २२० किलोमीटरांची शर्यत लाविली. त्या दोघांपैकी लार्स टुओर्डा हा तीत उतरला, आणि २१ तास २२ मिनिटांत अंतर कापून पहिला आला. मग टीकाकारांची तोंडे बंद झाली.

ग्रीनलंडच्या त्या सामी प्रवाशांची हकीकत वाचताच स्कीवरून ते बेट आरपार ओलांडता येईल, हा विचार नान्सेन ह्यांच्या मनात आला. पूर्वीचे लोक पश्चिमेच्या वस्तीच्या किनाऱ्यावरून आत शिरत आणि संकट दिसताच मागे फिरत. नान्सेन ह्यांनी योजना उलटी केली. निर्जन पूर्व किनाऱ्यावर उतरावयाचे व पश्चिमेकडे चालावयाचे. मागे जहाज नाही, घर नाही, अन्न नाही. जे काही आहे ते पुढे. परतीची वाट उरलीच नाही म्हणजे मनुष्य पुढेच जातो, असा त्यांचा हिशेब होता. अनेक जाणत्यांनी ह्यास वेडेपणा म्हटले. सरकारी मदत मिळाली नाही. खर्चाचा मोठा भाग डेन्मार्कच्या एका उदार व्यापाऱ्याने दिला. निघण्यापूर्वी काहीच दिवस आधी त्यांनी विद्यापीठात आपल्या प्रबंधाची परीक्षाही देऊन टाकली.

बरोबर पाच जण होते. ऑटो स्वेर्द्रूप, डिट्रिक्सन व क्रिस्तियानसेन हे नॉर्वेजियन. बाल्तो व राव्ना हे सामी. राव्ना ह्यांचे वय चाळिशीच्या पुढे, घरी बायकामुले. १७ जुलै १८८८ रोजी सीलांची शिकार करणाऱ्या जहाजाने ह्या सहा जणांस दोन होड्यांसह किनाऱ्यासमोरच्या तरंगत्या हिमात सोडले. किनारा डोळ्यांसमोर असूनही बारा दिवस तो हाती लागेना. प्रवाह हिमाबरोबर त्यांस दक्षिणेकडे वाहून नेत राहिला. त्या दिवसांत बाल्तो व राव्ना ह्यांनी आपण पुन्हा घर पाहणार नाही असे धरून विलाप केला. त्यांस भित्रे म्हणणे आम्हांस अन्यायाचे वाटते. परतीची वाट तोडण्याचा निश्चय नान्सेन ह्यांचा होता. घरी मुले वाट पाहत होती ती राव्ना ह्यांची.

किनाऱ्यास लागल्यावर गमावलेले अंतर उत्तरेकडे वल्हवून भरून काढण्यात आणखी दिवस गेले. १५ ऑगस्टला चढ सुरू झाला. घरगाड्या स्वतः ओढावयाच्या, भेगा चुकवावयाच्या, आणि साडेआठ हजार फुटांहून उंच अशा पठारावर चढावयाचे. रात्री थंडी शून्याखाली चाळीस अंशांहून अधिक उतरे. सोबतच्या वाळविलेल्या मांसातील स्निग्धांश बनविणाऱ्याने काढून टाकला होता, त्यामुळे पोट भरले तरी चरबीची भूक शमेना. भोवती हिमच हिम असून पाण्याचा मात्र दुष्काळ. जळण जपावयाचे म्हणून डबीत बर्फ भरून ती छातीशी धरून अंगाच्या उबेने वितळवीत. वाटेतील अंतर सुमारे येलदरीहून पुण्यास जाण्याएवढे होते.

पश्चिमेचा उतार लागला तेव्हा त्यांनी घरगाड्या एकत्र बांधून शीड उभारले. वारा पाठीचा, उतार पुढचा. स्कीवरचे प्रवासी गाडीस धरून पाखरांसारखे सुटले. सायंकाळच्या अंधुक प्रकाशात पुढे काळे काही दिसले. नान्सेन ह्यांनी गाडी ऐन वेळी वळविली. ती खोल भेग होती!

सप्टेंबर अखेर ते खाली उतरले. वस्तीपर्यंत फियॉर्ड पसरलेला, आणि होड्या तर पूर्वेसच सोडलेल्या. तंबूच्या तळाचे कापड, वेळू व रानातील झाडांच्या फांद्या ह्यांची ओबडधोबड नाव करून नान्सेन व स्वेर्द्रूप निघाले व ३ ऑक्टोबरला गोदथॉब येथे पोहोचले. तेथे कळले की वर्षातले अखेरचे जहाज तेथून निघून गेले आहे. दक्षिणेच्या बंदरात एक जहाज होते. कयाक घेतलेल्या माणसाबरोबर त्यास पत्रे धाडली. जहाजाने पत्रे नेली, पण माणसांसाठी ते थांबले नाही. हिवाळा तेथेच काढावा लागला. ३० मे १८८९ रोजी ते क्रिस्तियानियास आले तेव्हा स्वागतास अलोट गर्दी लोटली. राव्ना व बाल्तो हेही सुखरूप घरी गेले. नान्सेन ह्यांच्या प्रवासवर्णनाने स्कीची कीर्ती जर्मनी, ऑस्ट्रिया इत्यादी देशांत पोहोचली. १९२४ साली फ्रान्समध्ये शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले, त्यात स्कीच्या शर्यती होत्याच.

ह्यानंतरच्या ध्रुवप्रवासाची कथा मोठी आहे. ती थोडक्यात सांगतो. १८९३ साली ‘फ्राम’ नावाचे भक्कम, गोलसर बुडाचे जहाज त्यांनी मुद्दाम हिमात गोठू दिले. ध्रुवाकडचा प्रवाह त्यास वाहून नेईल हा तर्क. जहाज वाहिले, पण ध्रुवाच्या बाजूने जाईल असे दिसू लागले. तेव्हा १४ मार्च १८९५ रोजी नान्सेन व यालमार योहान्सन हे दोघेच २८ कुत्रे, स्की व दोन कयाक घेऊन उत्तरेस निघाले. एप्रिलमध्ये ते ८६ अंश १४ कलांपर्यंत गेले. तोवर इतक्या उत्तरेस कोणी गेला नव्हता. पुढे हिमाचे ढिगारे होते. आणि येथे, हे लक्षात घेण्याजोगे आहे, पुढे जाण्याचा हट्ट धरणाऱ्या ह्या पुरुषाने मागे फिरण्याचे ठरविले. परतीच्या वाटेवर एकेक कुत्रा मारून उरलेल्यांस खाऊ घालावा लागला. हा भाग वाचताना आमच्या मनास यातना झाल्या, आणि त्या नान्सेन ह्यांसही झाल्याचे त्यांच्या लिखाणावरून दिसते.

फ्रान्झ योझेफ बेटांवर दगड व वॉलरसची कातडी ह्यांच्या खोपटात दोघांनी अख्खा हिवाळा काढला. १८९६ च्या जूनमध्ये एकदा बांधलेले कयाक दोरी सुटून वाहून चालले. त्यांत सर्वस्व होते. नान्सेन ह्यांनी गोठत्या पाण्यात उडी घेतली व हातपाय बधिर होईपर्यंत पोहून ते धरले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, १७ जूनला, त्यांस कुत्र्याचे भुंकणे ऐकू आले. इंग्रज संशोधक जॅक्सन तेथे मुक्कामास होता. तेलाने व काजळीने काळवंडलेल्या ह्या मनुष्यास त्याने प्रथम ओळखले नाही. ऑगस्टमध्ये दोघे नॉर्वेस पोहोचले. ‘फ्राम’ही सर्व खलाशांसह सुखरूप आले. योहान्सन ह्यांस मात्र पुढील आयुष्यात सुख लाभले नाही. १९१३ साली त्यांचा शोकास्पद अंत झाला. कीर्ती एकाच्या पदरी पडते. सोबत्याचा वाटा लोक विसरतात.

१९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून विभक्त झाला, त्या कामी नान्सेन ह्यांनी श्रम केले व लंडनमध्ये आपल्या देशाचे पहिले वकील म्हणून राहिले. पण त्यांचे सर्वांत मोठे काम साठीच्या उंबरठ्यावर सुरू झाले. पहिल्या महायुद्धातील लक्षावधी कैदी युद्ध संपल्यावरही परक्या देशांत, विशेषतः सैबेरियात, अडकून पडले होते. त्यांस कोणी विचारीना. १९२० साली राष्ट्रसंघाने हे काम नान्सेन ह्यांकडे सोपविले. जहाजे मिळविणे, सरकारांची समजूत घालणे, पैसा उभा करणे असे करीत १९२२ पर्यंत त्यांनी चार लक्षांहून अधिक कैदी घरोघर पोहोचविले. तरुणपणी स्वतःची परतीची वाट जाणूनबुजून तोडणाऱ्या मनुष्याकडे उतारवयात इतरांस घरी परत नेण्याचे काम आले!

रशियातील १९२१ च्या भीषण दुष्काळातही ते मदतीसाठी दारोदार हिंडले. सरकारांनी बहुतेक पाठ फिरविली, खाजगी माणसांनी हात दिला. ज्यांस परतावयास घरच नव्हते अशा निर्वासितांचा प्रश्न आणखी बिकट. देशाने झिडकारले म्हणजे कागद नाही, आणि कागद नाही म्हणजे सरहद्द बंद. अशांसाठी १९२२ साली नान्सेन ह्यांनी एक ओळखपत्र काढविले. त्यास लोक नान्सेन पासपोर्ट म्हणत. पन्नासांहून अधिक सरकारांनी तो मान्य केला. त्याच वर्षी त्यांस शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ती रक्कमही त्यांनी मदतकार्यास लाविली.

१३ मे १९३० रोजी, राहत्या घरी, त्यांचे निधन झाले. १७ मे ह्या नॉर्वेच्या राष्ट्रीय दिनी त्यांचा अंत्यविधी झाला. त्यांचे ‘फ्राम’ जहाज ऑस्लोच्या संग्रहालयात जपून ठेविले आहे. हुसेबीच्या शर्यती १८९२ पासून जवळच्या होल्मेनकोलेन टेकडीवर होऊ लागल्या. तेथे अद्याप दर हिवाळ्यात स्कीवीर जमतात.