लोहाराचा मुलगा आणि रक्तातील लोह

इ. स. १७९१ मध्ये लंडननजीक एका गरीब लोहाराच्या घरी मायकेल फॅरडे यांचा जन्म झाला. घरच्या दारिद्र्यामुळे त्यांचे शालेय शिक्षण लेखन, वाचन व अंकगणित यांपुढे गेले नाही. चौदाव्या वर्षी ते एका पुस्तकविक्रेत्याकडे पुस्तकबांधणी शिकू लागले. बांधणीसाठी आलेले ग्रंथ ते आवडीने वाचीत. त्यांतूनच त्यांना विज्ञानाचा ध्यास लागला. १८१२ मध्ये त्यांनी सर हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकली आणि त्यांची टिपणे स्वतः बांधून त्यांच्याकडे पाठविली. पुढच्याच वर्षी रॉयल इन्स्टिट्यूशन या संस्थेत डेव्हींचे साहाय्यक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

१८३१ मध्ये चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करण्याचे तत्त्व शोधून फॅरडे कीर्तीच्या शिखरावर पोहोचले. परंतु त्यांची जिज्ञासा शमली नाही. चुंबकाचा प्रभाव केवळ लोहासारख्या धातूंवरच पडतो काय, हा प्रश्न त्यांना सतावीत होता. १८४५ मध्ये त्यांनी प्रबळ विद्युत्‌चुंबकाजवळ काच, लाकूड, सफरचंद असे नाना पदार्थ ठेवून पाहिले. चुंबक त्यांना ओढून न घेता किंचित दूर सारीत होता!

मग त्यांनी वाळलेले रक्त घेतले. रक्तात लोह असते; तेव्हा ते चुंबकाकडे ओढले जाईल, असे कोणासही वाटावे. पण तसे घडले नाही. एवढ्यावर समाधान मानणे सोपे होते. तथापि वाळलेले रक्त म्हणजे शरीरात वाहणारे रक्त नव्हे, हे फॅरडे यांनी ओळखले. ताजे, प्रवाही रक्तही तपासणे आवश्यक असल्याची नोंद त्यांनी आपल्या दैनंदिनीत केली.

या नोंदीचे मोल पुढे कळले. १९३६ मध्ये अमेरिकेत लायनस पॉलिंग व चार्ल्स कोरिएल यांनी रक्तातील हिमोग्लोबिनाची परीक्षा केली. रक्तातील लोह धातूच्या कणांच्या रूपात नसते; त्याचे अणू हिमोग्लोबिनात गुंफलेले असतात. प्राणवायूने युक्त हिमोग्लोबिनाला चुंबक किंचित दूर सारतो, तर प्राणवायूविरहित हिमोग्लोबिनाला तो किंचित ओढतो, असे त्यांना आढळले. याच भेदाच्या आधारे १९९० पासून मेंदूचे कार्य दर्शविणारी चित्रे घेणे शक्य झाले.

फॅरडे यांनी ‘सर’ हा किताब नाकारला आणि १८६७ मध्ये ते साधेपणानेच निवर्तले. आपल्या ज्ञानातील उणीव प्रांजळपणे लिहून ठेवणारा हा लोहाराचा मुलगा खरा ज्ञानोपासक होता.