प्लेगशी झुंजणारा संशोधक : डॉ. वाल्डेमार हाफकिन

बेळगाव-निपाणीकडील मुलांना प्लेग हा शब्द आज केवळ इतिहासाच्या पुस्तकातून ठाऊक असतो. परंतु आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीला त्याचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही. घरात उंदीर मरून पडू लागले, की दाराला कुलूप घालून सारे कुटुंब गावाबाहेरच्या माळावर झोपड्यांत राहावयास जाई. काखेत किंवा जांघेत गाठ उठून ताप भरला, म्हणजे त्या माणसाची आशा बहुधा सुटलीच, असे समजत. अशा काळी प्लेगवरील पहिली परिणामकारक लस ज्यांनी मुंबईत बसून तयार केली, त्या डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावे असे आहे.

त्याला आणखीही एक कारण आहे. जानेवारी २०२२ च्या सुमारास कोरोनाची लाट आली, तेव्हा लशीच्या दोन्ही मात्रा घेतलेल्या असंख्य लोकांनाही तो आजार झाला. आणि मग लस टोचून घेण्याचा उपयोग तरी काय, असा प्रश्न घरोघरी विचारला गेला. कोरोना विषाणूपासून होतो आणि प्लेग जिवाणूपासून, हा भेद खराच. परंतु तो प्रश्न मात्र नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी हाफकिन यांच्यापुढे तो उभा ठाकला होता, आणि त्याचे उत्तर त्यांनी आकडेमोडीने दिले होते.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेचनिकॉफ या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. झारच्या रशियात ज्यू तरुणाला मानाची जागा मिळणे दुरापास्त होते. म्हणून ते देश सोडून पॅरिसला गेले आणि सुप्रसिद्ध पाश्चर संस्थेत प्रारंभी ग्रंथपालाचे साधे काम पत्करून राहिले. उरलेल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंवर संशोधन आरंभिले. लस सिद्ध झाल्यावर १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती सर्वांत आधी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढल्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले. बंगालपासून पंजाबपर्यंत हिंडून त्यांनी हजारो लोकांना पटकीची लस टोचली. कोणावरही सक्ती करावयाची नाही, हा त्यांचा दंडक होता.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. सरकारने हाफकिन यांना तातडीने बोलावून घेतले आणि ऑक्टोबरात ते मुंबईस दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व तिच्यापुढील पडवी एवढीच त्यांची प्रयोगशाळा. हाताशी एक कारकून व तीन शिपाई. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँग येथे सापडला होता. तो विपुल प्रमाणात वाढावा म्हणून हाफकिन यांनी एक युक्ती योजिली. मांसरसाच्या पृष्ठभागावर ते तुपाचे थेंब सोडीत. त्या थेंबांच्या आधाराने जंतू वाढत आणि झुंबरासारखे खाली लोंबू लागत. मग ठराविक उष्णता देऊन ते मारले, म्हणजे लस तयार होई. आपल्या स्वयंपाकघरातील तूप अशा रीतीने प्लेगाविरुद्धच्या युद्धात कामी आले! काम इतके जिकिरीचे होते, की काही सहायकांनी ते सोडून दिले. हाफकिन मात्र अहोरात्र राबत राहिले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी या लशीची मोठी मात्रा प्रथम स्वतःलाच टोचवून घेतली. त्यांना ताप आला, अंग दुखले, पण काही दिवसांत ते बरे झाले.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे दीडशे कैद्यांनी आपखुशीने लस घेतली, तर जवळजवळ तितक्याच कैद्यांनी घेतली नाही. अन्न तेच, पाणी तेच, भिंतीही त्याच. नंतरच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व त्यांतील ६ दगावले. लस घेतलेल्यांपैकीही दोघांना प्लेग झालाच; परंतु ते दोघेही वाचले. दुसऱ्या एखाद्याने ते दोन रोगी कदाचित कोपऱ्यात दडविले असते. हाफकिन यांनी ते हिशेबात स्पष्ट मांडले.

लोकांच्या मनात या काळी शंका व संताप दोन्ही होते, आणि ते अकारण नव्हते. पुण्यात घरोघर शिरणाऱ्या गोऱ्या सोजिरांनी लोकांना त्राही भगवन् करून सोडले होते. १० मार्च १८९७ रोजी प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्याच रोगाने निवर्तल्या. २२ जून रोजी रँडवर गोळी झाडली गेली. अशा वातावरणात हाफकिन यांच्यापाशी जबरदस्तीचे हत्यार नव्हते. होता तो केवळ हिशेब.

त्या हिशेबातील सर्वांत बोलके पान बडोदे संस्थानातील उंधेरा या खेड्याचे. १८९८ च्या आरंभी तेथे एकाच कुटुंबातील काहींना लस टोचण्यात आली आणि काहींना टोचली नाही. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी ही माणसे. लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि त्यांतील २६ मरण पावले. लस घेतलेल्या ७१ पैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ मरण पावले. लस घेऊनही आठ आजारी व तीन मृत, एवढेच ज्याने पाहिले, तो म्हणेल की लस फुकट गेली. दोन्ही रांगा शेजारी-शेजारी ठेवून जो पाहील, त्याला मात्र लशीने किती प्राण राखले ते कळेल.

पुढे प्लेग दक्षिणेकडे सरकला, तेव्हा बेळगाव, धारवाड, हुबळी व गदग या आपल्या आसपासच्या गावींही हीच लस पोहोचली. हुबळीत तर १८९८ साली शहरातील बहुसंख्य रहिवाशांनी ती टोचून घेतली. त्याच वर्षी नेमलेल्या प्लेग कमिशनने या सर्व ठिकाणांचे पुरावे तपासले. लस संपूर्ण संरक्षण देत नाही. पण रोग होण्याचा आणि रोगाने मरण्याचा, असे दोन्ही धोके ती बरेच कमी करते, असा निर्वाळा त्याने दिला. १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा परळ येथील जुन्या राजभवनात गेली आणि तेथून लक्षावधी मात्रा देशोदेशी जाऊ लागल्या.

परंतु नियतीचा आघात व्हावयाचा होता. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या खेड्यात १०७ लोकांना लस टोचली गेली. त्यांतील ज्या १९ जणांना एकाच बाटलीतील लस दिली होती, त्यांना धनुर्वात होऊन ते सर्वजण मरण पावले. दोष परळच्या प्रयोगशाळेचा, असे ठरवून हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. ज्याने आयुष्यभर प्रत्येक रोग्याचा हिशेब ठेवला, त्याच्यावरच निष्काळजीपणाचा ठपका आला! पुढे पुराव्यांची फेरतपासणी झाली, तेव्हा निराळेच दिसून आले. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. हिवतापाच्या संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस व इतर शास्त्रज्ञांनी १९०७ साली हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली. ते निर्दोष ठरले आणि पुन्हा हिंदुस्थानात आले. पण परळची ती प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यास काही वर्षे काम करून ते निवृत्त झाले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

विद्यार्थी मित्रहो, हाफकिन यांनी आपली लस ही मंतरलेला ताईत आहे, असे कधीच भासविले नाही. ती एक ढाल होती. ढाल घेतलेल्या शिपायालाही जखम होते. पण म्हणून रणात कोणी ढाल टाकून देत नाही. लस घेऊनही आपल्या घरी कोणी आजारी पडले, तर निराश होण्यापूर्वी उंधेऱ्याच्या त्या दोन रांगा आठवाव्यात. आणि आपल्या हातून एखादे काम अपुरे उतरले, तर भायखळ्याच्या तुरुंगातील ते दोन रोगी आठवावेत. हाफकिन यांनी ते लपविले नाहीत, म्हणूनच त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर जगाने विश्वास ठेवला.