मलिक अंबर

मलिक अंबर (जन्म: इ.स. १५४८च्या सुमारास, इथिओपिया, मृत्यू: इ.स. १६२६) हा अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा, सेनानी आणि खडकी या नगराचा संस्थापक होता. हेच नगर पुढे फतेहनगर, औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर या नावांनी ओळखले जाते. शालेय पाठ्यपुस्तकांतून मलिक अंबरची ओळख बहुधा गनिमी काव्याने मोगलांना जेरीस आणणारा सेनापती अशी होते. ती चुकीची नाही, पण अपुरी आहे. ओसाड खडकाळ जागेवर वसाहतींची आखणी करणे, सरदारांना जागा देऊन तेथे राहते करणे, दूरवरून पाणी आणणे आणि शेतजमिनीचा सारा ठरवून देणे ही त्याची कामे त्याच्या लढायांपेक्षा जास्त टिकली. ज्या राज्यासाठी तो लढला ते त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांत संपले.

== पूर्वायुष्य ==

त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगितले जाते. बालपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि अरबस्तानातील बाजारांतून बगदादपर्यंत अनेक हातांतून गेला. तेथे त्याने इस्लाम धर्म स्वीकारला व त्याला अंबर हे नाव मिळाले. त्याची हुशारी ओळखून एका मालकाने त्याला लिहिणे-वाचणे, हिशेब आणि कारभार शिकवला. पुढच्या आयुष्यात तलवारीइतकेच हे हिशेबाचे शिक्षण त्याच्या उपयोगी पडले.

दख्खनमध्ये त्याला निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने विकत घेतले. चंगीझखान स्वतः हबशी होता आणि एके काळी गुलामच होता. त्या काळच्या दख्खनी दरबारांत गुलामगिरीतून वर चढत सरदारकीपर्यंत पोहोचण्याची वाट अवघड होती, पण बंद नव्हती. इ.स. १५७४-७५च्या सुमारास चंगीझखानाचा मृत्यू झाल्यावर अंबर मुक्त झाला. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली आणि 'मलिक' हा किताब मिळवला. इ.स. १५९५च्या सुमारास तो स्वतःच्या स्वारांच्या लहान तुकडीसह निजामशाहीत परतला.

== पेशवेपद ==

इ.स. १६००मध्ये चांदबीबीची हत्या झाली आणि अहमदनगरचा किल्ला अकबराच्या फौजेने घेतला. बाल सुलतान बहादूर निजामशहा कैदेत गेला. राज्य बुडाले असेच सर्वांनी धरले होते. मलिक अंबरने मात्र निजामशाही घराण्यातील एका वंशजाला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून परांडा येथे गादीवर बसवले, त्याला आपली मुलगी दिली आणि कारभार हाती घेतला. राजू दखनी हा प्रतिस्पर्धी सरदार काही वर्षे निम्म्या राज्यावर हक्क सांगत होता. त्याचा पाडाव झाल्यावर इ.स. १६०७च्या सुमारास राजधानी जुन्नरला हलली.

इ.स. १६१०मध्ये मुर्तजाचा मृत्यू झाला. राणीवशातील कलहात अंबरच्या मुलीचा अपमान झाला आणि त्यानंतर अंबरनेच सुलतानाला विष देवविले, असे त्या काळच्या वृत्तान्तात म्हटले आहे. मुर्तजाचा लहान मुलगा बुऱ्हाण गादीवर आला. सत्ता अर्थात पेशव्याकडेच राहिली. अंबरचे गुणगान करताना हा प्रसंग अनेकदा वगळला जातो.

== खडकीची वसाहत ==

याच सुमारास अंबरने राजधानीसाठी दौलताबादजवळची खडकी ही जागा निवडली. नावाप्रमाणेच गाव खडकाळ. निवडीमागे मात्र पक्का विचार होता. दौलताबादचा अजिंक्य किल्ला जवळ होता, मोगलांच्या ताब्यातील खानदेशाकडून येणाऱ्या वाटांवर येथून नजर ठेवता येत होती, उत्तरेकडे डोंगर होते आणि शेजारून खाम नदी वाहत होती.

नवे नगर केवळ राजवाड्याने वसत नाही. तेथे माणसे येऊन राहिली पाहिजेत, आणि ज्यांच्या मागे शेकडो माणसे येतात असे लोक म्हणजे सरदार. अंबरच्या फौजेत मराठा सरदारांचा भरणा मोठा होता. त्यांना नगराभोवती जागा मिळाल्या आणि त्यांच्या वाड्यांभोवती पुरे उभे राहिले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या भोसले घराण्यातील नावांशी जोडली जातात. सरदाराचा वाडा उभा राहिला की त्याच्या आश्रयाने लोहार, वाणी, साळी, नालबंद, पखाली येतात, आणि पाहता पाहता पुऱ्याला बाजार लागतो. आजच्या भाषेत सांगायचे तर अंबरने जागा आखून दिल्या आणि वस्ती वाढवण्याची जबाबदारी जागा घेणाऱ्यावर सोपवली.

इ.स. १६१२चा भडकल दरवाजा हे मोगलांवरील विजयाचे स्मारक मानले जाते. जामा मशिदीचे काम त्याच्या काळात सुरू झाले व पुढे औरंगजेबाच्या काळात तिचा विस्तार झाला. इ.स. १६१६च्या सुमाराचा नौखंडा महाल पुढे पहिल्या निजामानेही वापरला. काळी मशीदही अंबरच्याच नावावर आहे.

== नहर-ए-अंबरी ==

खडकाळ जमिनीत विहिरी खोदून मोठ्या नगराची तहान भागणे शक्य नव्हते. यावर अंबरने काढलेला उपाय 'नहर-ए-अंबरी' या नावाने ओळखला जातो. उत्तरेकडील डोंगरपायथ्याच्या भूभागात झिरपणारे पाणी जमिनीखालील बांधीव भुयारी मार्गात गोळा केले जाई. उताराचा अचूक अंदाज घेऊन ते नगराकडे आणले जाई आणि पुढे मातीच्या नळांतून हौदांत सोडले जाई. वाटेत ठिकठिकाणी उंच बांधीव मनोरे होते. नळांतील कोंडलेली हवा त्यांतून बाहेर पडे आणि पाण्याचा दाब आटोक्यात राही. पाणी ओढायला मोट नाही, बैल नाही; सारे काम उतारावरच. दुष्काळी मराठवाड्यात राहणाऱ्या कोणालाही या कामाचे मोल वेगळे समजावून सांगावे लागत नाही. भूमिगत मार्गामुळे बाष्पीभवन होत नाही आणि शत्रूला पाणी सहज तोडता येत नाही, हे त्याचे आणखी दोन फायदे. पुढे मोगल काळात याच पद्धतीने आणखी नहर काढले गेले.

== जमीनधारा ==

सततच्या लढायांनी मुलूख उजाड झाला होता. सारा वसूल करण्याचा मक्ता बोलीने दिला जाई, आणि मक्तेदार एका हंगामात जितके ओरबाडता येईल तितके ओरबाडत असे. कुळे गाव सोडून परागंदा होत. अंबरने ही मक्तेदारी बंद केली. जमिनीची पाहणी करून तिची प्रत ठरवली, बागायत आणि जिरायत वेगळी केली. सारा आधी धान्याच्या रूपात, उत्पन्नाच्या सुमारे दोन पंचमांश इतका घेतला जाई. पुढे काही वर्षांच्या अनुभवावरून तो रोख ठरवण्यात आला. पाटील-कुलकर्णी यांची वतने वंशपरंपरागत मानून त्यांच्यावर वसुलीची जबाबदारी टाकली, आणि कसणाऱ्याचा जमिनीवरील हक्कही वारशाने चालेल अशी व्यवस्था केली.

यामागे केवळ दयाबुद्धी होती असे मानण्याचे कारण नाही. फौजेला पगार द्यायचा तर शेतकरी गावात टिकला पाहिजे आणि पडीक रान लागवडीला आले पाहिजे, हा हिशेबी विचार होता. शेतकऱ्याचा त्यात फायदा झाला हे मात्र खरे. 'मलिकंबरी' धारा म्हणून ही पद्धत मराठी दप्तरांत पुढे बराच काळ ओळखली जात होती. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत दादोजी कोंडदेव यांनी बसवलेली घडीही तिच्याच धर्तीवर होती.

== नगराचा विध्वंस ==

इ.स. १६१६मध्ये जालन्याजवळील रोषणगाव येथे अंबरचा मोठा पराभव झाला. लढाईपूर्वी जाधवरावांसह काही सरदार मोगलांना मिळाले होते. विजयी मोगल फौज खडकीत शिरली आणि तिने नवे नगर जाळले. दुसऱ्या वर्षीच्या तहात अंबरला अहमदनगरचा किल्ला व बालाघाटचा मुलूख सोडावा लागला. आजच्या बीड जिल्ह्यातील मांजरसुंबा-लिंबागणेशचा डोंगरपट्टा याच बालाघाटात येतो. हा मुलूख या काळात इतक्यांदा हातोहात गेला की गावकऱ्यांना या हंगामाचा सारा कोणाला द्यायचा हाच प्रश्न पडत असावा. इ.स. १६२०मध्ये अंबरने तो परत जिंकला, इ.स. १६२१मध्ये शाहजादा खुर्रमच्या फौजेने खडकीची पुन्हा धूळधाण केली. नगर दोनदा उद्ध्वस्त झाले आणि दोन्ही वेळा पुन्हा उभे राहिले. पाण्याची व्यवस्था जमिनीखाली होती, हे त्याचे एक कारण म्हणता येईल.

जहांगीर बादशहाचा अंबरवरील राग त्याच्या दरबारी चित्रातही उतरला आहे. अबुल हसन या चित्रकाराने काढलेल्या चित्रात बादशहा अंबरच्या भाल्यावर खोचलेल्या मस्तकावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही.

इ.स. १६२४मध्ये मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेला त्याने अहमदनगरजवळील भातवडी येथे गाठले. तेथील तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूच्या छावणीच्या वाटेवर चिखल करून टाकला. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला, तर त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. विजयानंतर अंबर विजापूरच्या मुलुखात शिरला आणि दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने मोठ्या हौसेने वसवलेले नवरसपूर त्याने लुटून उद्ध्वस्त केले. स्वतःचे नगर दोनदा जळताना पाहिलेल्या माणसाचे हे कृत्य त्याच्या चरित्रकाराला अडचणीत टाकणारे आहे. त्यानंतर लवकरच शहाजीराजे त्याच्यापासून दुरावून आदिलशाहीत गेले.

== मृत्यू आणि नंतर ==

इ.स. १६२६मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबरचा मृत्यू झाला. खुलदाबाद येथे त्याने स्वतःच बांधून घेतलेल्या कबरीत त्याला दफन करण्यात आले. त्याची पत्नी करीमा हिची कबरही जवळच आहे. मोगल इतिहासकार मोतमदखान याने या शत्रूच्या सेनानेतृत्वाची, न्यायबुद्धीची आणि कारभाराची मोकळेपणाने स्तुती केली आहे.

मुलगा फतेहखान याने नगराला फतेहनगर असे नाव दिले, परंतु त्याला वडिलांचे राज्य सांभाळता आले नाही. इ.स. १६३३मध्ये दौलताबाद पडले आणि इ.स. १६३६मध्ये निजामशाही संपली. इ.स. १६५३मध्ये दख्खनचा सुभेदार म्हणून परतलेल्या औरंगजेबाने आपले ठाणे येथेच केले आणि नगराचे नाव औरंगाबाद झाले. इ.स. २०२३मध्ये शहराला छत्रपती संभाजीनगर हे नाव मिळाले. नगराच्या कोणत्याही अधिकृत नावात अंबर आला नाही. त्याचे नाव राहिले ते नहराला, आणि जुन्या शहरात त्या नहराचे मनोरे व भुयारी मार्गाचे अवशेष आजही काही ठिकाणी दिसतात.