मादाम क्युरींची क्ष-किरण गाडी

रेडियमच्या शोधामुळे मेरी क्युरी यांचे नाव शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. युद्धातील जखमींची मोडलेली हाडे दिसावीत म्हणून त्यांनी केलेली धडपड मात्र फारशी कुणाला माहीत नसते.

मेरी यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ रोजी वॉर्सा येथे झाला. शिक्षणासाठी त्या पॅरिसला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. १९०३ मध्ये भौतिकशास्त्राचे आणि १९११ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. दरम्यान १९०६ मध्ये पती पिएर रस्त्यावरील अपघातात गेले. पदरी दोन लहान मुली होत्या.

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. राँटजेन यांनी क्ष-किरण १८९५ मध्येच शोधले होते, पण यंत्रे बहुतेक शहरांतल्या रुग्णालयांतच होती. आघाडीजवळच्या सर्जनला हाड कुठे मोडले, गोळी कुठे रुतली हे अनेकदा चाचपूनच ठरवावे लागे. अंदाज चुकला तर पाय जाई, कधी प्राणही जाई.

जखमीला यंत्रापर्यंत नेता येत नसेल, तर यंत्रच जखमीपर्यंत न्यायचे, असे मेरी यांनी ठरवले. मोटारीत क्ष-किरणांची नळी आणि इतर साहित्य बसवले. विजेसाठी मोटारीच्या इंजिनावर चालणारा डायनॅमो जोडला. त्या स्वतः शरीररचना शिकल्या, मोटार चालवायलाही शिकल्या. सतरा वर्षांची लेक आयरीन मदतीला होती. अशा सुमारे २० गाड्या आणि २०० क्ष-किरण कक्ष उभे राहिले. सुमारे दीडशे स्त्रियांना हे काम शिकवण्यात आले. दहा लाखांहून अधिक जखमींची तपासणी झाली, असा अंदाज आहे.

त्या काळी किरणांपासून पुरेसे संरक्षण नव्हते. अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणे मंदावणाऱ्या अप्लास्टिक ॲनिमियाने ४ जुलै १९३४ रोजी मेरी यांचे निधन झाले. रेडियम आणि युद्धकाळातील क्ष-किरण यांच्याशी त्या आजाराचा संबंध जोडला जातो.

आज काही अपघात विभागांत जखमीच्या डोक्यापासून पायापर्यंतचा एक्स-रे काही सेकंदांत निघतो. हातापायांची मोठी हाडे एकाच प्रतिमेत दिसतात. बारीक भेगांची शंका आली, तर त्या भागाचा वेगळा एक्स-रे काढावा लागतो. शस्त्र लावण्याआधी हाड पाहून घ्यावे, हा आग्रह मात्र क्युरींच्या गाडीमागेही होता.