अर्ध्या आण्याची पिशवी

आपल्या घरातल्या भिंतीवर बाबासाहेबांचा कोटातला फोटो आहे. त्या कोटाच्या आधीचा भीमा तुमच्या मुलांना माहीत आहे काय?

सुभेदार रामजींना पेन्शन होते महिना ५० रुपये. १८९६ साली भीमाबाई वारल्या. पांगळ्या मीराआत्यांनी मुले सांभाळली. साताऱ्याची काही पोरे मुंबईच्या गिरणीत लागली होती. भीमालाही वाटले, आपणही जावे, कमवावे. पण गाडीभाडे कोठून आणणार? आत्याच्या कमरेला खोचलेली पैशाची पिशवी काढण्याचा त्याने रात्रीमागून रात्री प्रयत्न केला. अखेर पिशवी हाती आली. आत निघाला अर्धा आणा! त्या रात्री त्याने गिरणीचा विचार सोडला आणि अभ्यासाने स्वतःच्या पायावर उभे राहावयाचे ठरविले. ही चोरी बाबासाहेबांनी स्वतःच सांगितली आहे, लपविली नाही.

पुढे परळच्या डबक चाळीत एकच खोली. त्यातच चूल, सरपण, बिऱ्हाड. उशाशी जाते, पायथ्याशी शेळी. रामजी रात्री दोनला मुलाला उठवीत आणि मग स्वतः आडवे होत.

पुस्तक हवे झाले की रामजी धाकट्या लेकीकडे जात. तिच्याकडे पैसे नसले तर थोरलीकडे. तिचा दागिना मारवाड्याकडे गहाण पडे, पेन्शन आले की सोडवून परत जाई. जयंतीच्या भाषणांत कोलंबियाचे नाव दहादा येते, या दोन बहिणींचे एकदाही येत नाही. आणि वडीलभाऊ आनंदराव? दोघांची फी झेपेना, म्हणून त्यांची शाळा सुटली आणि ते कारखान्यात लागले. तेव्हा गरिबीने माणूस मोठा होतो, असे कोणी तुम्हाला सांगितले तर मान डोलावू नका. त्याच घरातल्या त्याच गरिबीने एकाची शाळा बंद केली.

१९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा पास झाले. केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र दिले. पुढे शिक्षण अडले, तेव्हा गुरुजींनीच सयाजीराव महाराजांकडे नेले, आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ च्या २ फेब्रुवारीला रामजी गेले. मुलाचे परदेशगमन त्यांना पाहता आले नाही.

अमेरिका झाली, नोकरी झाली. १९२० साली लंडनला दुसऱ्यांदा जाताना पदरी शिल्लक थोडी, बाकी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज. दिवसभर ब्रिटिश म्युझियममध्ये वाचन, रात्री भूक लागली की भाजलेले पापड. इकडे मुंबईत रमाबाई तुटपुंज्या पैशांत घर चालवीत होत्या.

अर्धा आणा हाती लागलेल्या त्या मुलाने डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला तो रुपयावर. १९२३ साली तो लंडनमध्ये छापून निघाला. त्याची अर्पणपत्रिका आईवडिलांच्या स्मृतीला आहे.