तिची कविता, त्याचा आवाज

अमेरिकेतल्या जॉर्जियाचा ओटिस रेडिंग १९४१ साली जन्मला. गरिबीमुळे शाळा सुटली. विहिरी खणल्या, पेट्रोलपंपावर राबला. पण गळा असा आर्त, की 'सोल' संगीताचा राजाच झाला! १९६१ मध्ये झेल्माशी लग्न झालं, पण हा सदा दौऱ्यावर. तिनं एक कविता लिहिली. प्रेम दुरावलंय, उरलीत फक्त जपायची स्वप्नं. तिचंच गाणं झालं, ओटिसनं जीव ओतून गायलं.

१० डिसेंबर १९६७ रोजी त्याचं विमान विस्कॉन्सिनमधल्या मोनोना तळ्यात कोसळलं. वय अवघं २६! झेल्माच्या पदरी तीन लेकरं. गाणं लोकांपुढे आलं १९६८ मध्ये. आपणच लिहिलेली ओढ तिला आता त्याच्या आवाजात ऐकायची होती. बाई खचली नाही. २००७ मध्ये तिनं मुलांच्या संगीतशिक्षणासाठी त्याच्या नावानं संस्था उभारली.