यशवंतराव होळकर (दुसरे)

महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) (जन्म : ६ सप्टेंबर १९०८, इंदूर, मृत्यू : ५ डिसेंबर १९६१, मुंबई) हे इंदूर संस्थानाचे शेवटचे सत्ताधीश होते. माणिक बाग हा आधुनिक शैलीतील राजवाडा, युरोपीय कलावस्तूंचा संग्रह आणि खास मागणी नोंदवून बांधून घेतलेल्या मोटारगाड्या यांमुळे त्यांचे नाव भारताबाहेरही परिचित आहे. यांतील बहुतेक वस्तू आज जगभर विखुरल्या आहेत. त्यामुळे एखादी वस्तू खरोखर त्यांच्या मालकीची होती काय, हा प्रश्न संग्रहालये, लिलावगृहे आणि जुन्या मोटारींचे अभ्यासक यांच्यापुढे वारंवार उभा राहतो.

घराणे आणि बालपण

होळकर घराणे मूळचे महाराष्ट्रातले. वेरूळचे घृष्णेश्वर आणि परळीचे वैजनाथ या मंदिरांच्या जीर्णोद्धारामुळे अहिल्यादेवी होळकरांचे नाव मराठवाड्यात घरोघरी ठाऊक आहे. यशवंतराव त्याच गादीचे वारस होते. त्यांचे वडील तुकोजीराव (तिसरे) यांच्या कारकिर्दीचा शेवट मात्र सुखाचा झाला नाही. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याचा खून झाला. त्या प्रकरणाचे धागेदोरे इंदूर दरबारापर्यंत पोहोचल्याने तुकोजीरावांना फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडावी लागली. यशवंतराव तेव्हा अवघे सतरा वर्षांचे होते. त्यांचे शिक्षण इंग्लंडमध्ये चार्टरहाउस शाळेत आणि पुढे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात झाले. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना १९३० मध्ये मिळाले.

कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताराजे यांच्याशी त्यांचा विवाह लहान वयातच झाला होता. राजर्षी शाहू महाराजांचा जन्मही कागलच्या घाटग्यांतलाच. पतिपत्नी दोघांनाही युरोपातील नव्या कलेची सारखीच ओढ होती. संग्रहाचे श्रेय एकट्या महाराजांना देण्याची प्रथा आहे, ती संयोगिताराजे यांच्यावर अन्याय करणारी आहे.

माणिक बाग

जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियुस याच्याकडून यशवंतरावांनी १९३० च्या सुमारास माणिक बागेचे काम सुरू करून घेतले. राजवाडा म्हटले की डोळ्यांपुढे येणारे घुमट, कमानी आणि झुंबरे येथे नव्हती. सरळ रेषा, धातू, काच आणि उन्हाळ्याचा विचार करून केलेली रचना हे या वास्तूचे वैशिष्ट्य होते. आयलीन ग्रे, रूलमान आणि ल कोर्ब्युझिए यांनी आखलेले फर्निचर, तसेच इव्हान दा सिल्वा ब्रून्स याचे गालिचे येथे होते. खरेदीच्या कामी फ्रेंच लेखक आंरी-पिएर रोशे यांचा सल्ला मिळे. चित्रकार बर्नार बुते द मोंवेल याने महाराजांची दोन प्रकारची चित्रे काढली. एकात ते पाश्चात्त्य पोशाखात आहेत, तर दुसऱ्यात पांढऱ्या मराठेशाही पोशाखात.

शिल्पकार ब्रांकुशी याच्याकडून त्यांनी अवकाशातील पक्षी या कल्पनेवरील तीन शिल्पे घेतली. एक ब्राँझचे, एक काळ्या आणि एक पांढऱ्या संगमरवराचे. त्यांच्यासाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधण्याचेही ठरले होते. परंतु १९३७ मध्ये संयोगिताराजे यांचे स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात निधन झाले. १९३७-३८ च्या हिवाळ्यात ब्रांकुशी इंदूरला येऊन गेला, पण मंदिर काही उभे राहिले नाही.

मोटारगाड्या आणि त्यांची ओळख

त्या काळी उंची मोटार तयार अवस्थेत क्वचितच विकली जाई. कारखाना इंजिनासह नुसता सांगाडा, म्हणजे चॅसिस, देई. त्यावर बॉडी चढवण्याचे काम वेगळ्या कारागिरांचे असे. यशवंतरावांची सर्वांत गाजलेली गाडी अशाच रीतीने दोन देशांत मिळून तयार झाली. अमेरिकेतील इंडियानापोलिस येथील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या एसजे या प्रकाराचा सांगाडा १९३५ मध्ये लंडनला गेला. तेथे गर्नी नटिंग या कंपनीने ए. एफ. मॅकनील याच्या आराखड्यानुसार त्यावर बॉडी बांधली. जवळजवळ चार मीटर अंतरावर पुढची-मागची चाके, आठ सिलिंडरचे सुपरचार्जर बसवलेले इंजिन, ३२० अश्वशक्ती असा कंपनीचा दावा, आणि एवढ्या प्रचंड गाडीत बसायची जागा मात्र दोघांचीच! रंग केशरी आणि काळा. ड्यूसेनबर्ग कंपनी १९३७ मध्ये बंद पडली, ही गाडी पुढे अमेरिकेत परतली.

मोटारींच्या इतिहासात ही गाडी तिच्या रंगापेक्षा जे-५८५ या इंजिन क्रमांकाने ओळखली जाते, आणि तेच योग्य आहे. केशरी-काळा रंग कोणत्याही गाडीला देता येतो. एखाद्या संस्थानिकाचे नाव जोडले गेले की किंमत वाढते, म्हणून रंग, राजचिन्ह किंवा तोंडी परंपरा हे पुरावे दुय्यम ठरतात. चॅसिस क्रमांक, इंजिन क्रमांक, कारखान्याच्या वहीतील नोंद, बॉडी बांधणाऱ्याच्या दप्तरातील मागणी, नोंदणीची कागदपत्रे आणि जुनी छायाचित्रे ही सर्व एकमेकांशी जुळली, तरच मालकीची साखळी सिद्ध झाली असे मानतात. मधली एक कडी निखळली, तरी शंकेला जागा उरते.

या अभ्यासातील अडचणी इटालियन गाड्यांवरील वादांतही दिसतात. आल्फा रोमिओ कंपनीची ८सी २३०० ही गाडी १९३१ ते १९३४ या काळात दोनशेहूनही कमी बनली. तिच्यावर तुरिंग, झागातो, कास्तान्या अशा निरनिराळ्या कारागिरांनी बॉडी चढवल्या. शर्यतीत धावणाऱ्या गाड्यांची इंजिने बदलली जात, अपघातानंतर बॉडी उतरवून दुसरी बसवली जाई. पुढे उरलेल्या सुट्या भागांतून आणखी एक गाडी उभी राहिली, की एकाच क्रमांकावर दोन गाड्या हक्क सांगू लागत. अशा वेळी मूळ गाडी कोणती म्हणायची? बहुतेक अभ्यासक सांगाड्याला अग्रक्रम देतात, कारण इंजिन आणि बॉडी या बदलता येणाऱ्या गोष्टी आहेत. ड्यूसेनबर्गच्या बाबतीत मात्र इंजिन क्रमांकाने ओळखण्याचा प्रघात पडला आहे. म्हणजे हा नियमही सर्वत्र सारखा नाही.

हिऱ्यांची गोष्ट याहून अवघड. तुकोजीरावांनी १९१३ मध्ये पॅरिसच्या शोमे या पेढीकडून ४६.९५ आणि ४६.७० कॅरटचे दोन नासपतीच्या आकाराचे हिरे घेतले होते. ते १९४६ मध्ये हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याकडे गेले आणि त्याने त्यांना नव्याने पैलू पाडले. वजन ४४.६२ आणि ४४.१८ कॅरट झाले. त्या काळी हिऱ्यावर क्रमांक कोरलेला नसे, वजन हीच त्याची मुख्य खूण, आणि पैलू पाडताना तीच बदलली. या जोडीची ओळख आज केवळ कागदोपत्री टिकून आहे.

राज्यकारभार आणि उत्तरायुष्य

यशवंतरावांना केवळ शौकीन ठरवणे एकांगी होईल. त्यांच्या आश्रयाखालील होळकर संघाने सी. के. नायडू यांच्या नेतृत्वाखाली रणजी करंडक चार वेळा जिंकला (१९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३). इंदूरचा यशवंत सागर जलाशय आणि महाराजा यशवंतराव रुग्णालय त्यांच्याच नावाने ओळखले जातात. तथापि एका संस्थानाच्या उत्पन्नातून हा सारा संग्रह झाला, ही गोष्टही नजरेआड करता येत नाही.

१९४७ मध्ये भारतात सामील होण्याबाबत त्यांनी आरंभी चालढकल केली, पण अखेर सामीलनाम्यावर सही केली. २८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघ स्थापन झाला. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे त्याचे राजप्रमुख आणि यशवंतराव उपराजप्रमुख झाले. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचनेबरोबर ते पदही संपले. संयोगिताराजे यांच्यानंतर त्यांनी दोन अमेरिकन स्त्रियांशी विवाह केले होते.

संग्रहाची पांगापांग

त्यांच्या मृत्यूनंतर संग्रह हळूहळू विकला गेला. संगमरवरी पक्ष्यांची जोडी १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने घेतली, तर ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियातील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. माणिक बागेतील फर्निचरचा लिलाव मे १९८० मध्ये मोनाकोत झाला. २०१९-२० मध्ये पॅरिसच्या शोभाकला संग्रहालयाने भरवलेल्या प्रदर्शनात त्यांतील अनेक वस्तू काही महिने पुन्हा एकत्र पाहायला मिळाल्या. माणिक बागेची इमारत इंदुरात उभी आहे. तेथे केंद्र सरकारच्या महसूल खात्याचे कार्यालय आहे.